धबधब्याचा धूर आणि सासूबाईंचा दमा

"अक्का, नमस्कार. दिवाळीत पुण्याच्या नणंदेनं सिरॅमिकचं एक धुपाचं भांडं भेट दिलं. डोंगर, त्याला पायऱ्या, खाली छोटंसं तळं. वर शंकूसारखा धूप ठेवायचा, की धूर वर न जाता धबधब्यासारखा खाली वाहतो. माझी सहा वर्षांची लेक त्याला 'आमचा गोकाक' म्हणते आणि रोज संध्याकाळी हट्टानं लावायला लावते. पण कधी धूर छान पडतो, कधी नुसता विस्कटतो, माग चालू असले की हमखास. देव्हाऱ्याच्या फळीवर चिकट तपकिरी डाग पडलाय. सासूबाईंना दमा आहे. त्यांनी आयुष्यभर मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या, मागाशेजारीच आयुष्य गेलं. महिना झाला त्यांचा खोकला वाढलाय. त्या म्हणतात, असला उलटा धूर देवापुढं नको. यजमान म्हणतात, उदबत्ती चालते तर हे का नाही, ताईनं प्रेमानं दिलंय. मागच्या खोलीत आमचे दोन माग आहेत, देवघर त्याला लागूनच. मी काय करू? धाकटी बहीण समजून सांगा." (वडगाव, बेळगाव)

धाकटी बहीण म्हणालीस, म्हणून तसंच बोलते. आधी दोन गोष्टी सांगते, बाकीचं मग निवांत. आज दिवेलागणीला ते भांडं लावू नकोस. आणि सासूबाईंना याच आठवड्यात डॉक्टरांकडं ने. दोन आठवड्यांच्या वर खोकला टिकला की थुंकी तपासून घ्यायची, असं सरकारी क्षयरोग कार्यक्रमच सांगतो, आणि सरकारी दवाखान्यात ती तपासणी फुकट होते. बहुतेक दमाच बळावला असेल. पण महिनाभराचा खोकला नुसता धुरावर ढकलून आपण मोकळं व्हायचं नाही. ओढायचा पंप दिलेला असेल तर तो त्या रोज घेतात का, की धाप लागली तेवढ्यापुरता, हेही जवळ बसून विचार. आपल्याकडची मोठी माणसं पंपाची सवय लागेल म्हणून तो उशीखाली ठेवून देतात. डॉक्टरांना घरातल्या धुराचं आणि मागाचं, दोन्ही सांग. न विचारता सांग.

आता भांड्याचं. तसलंच एक माझ्याकडं आहे. गेल्या थंडीत खडेबाजारातून आणलं, सोबत कोनाचं, म्हणजे त्या शंकूसारख्या धुपाचं पाकीट. घरी येऊन हौसेनं लावलं तर धूर सरळ आढ्याकडं. तीनदा लावलं, तीनदा तेच. भांडंच सदोष म्हणून परत करायला निघाले होते, तेवढ्यात सहज एक कोन पालथा करून बघितला, तर बूड भरीव. दुकानदारानं साधाच धूप बॅकफ्लोचा, म्हणजे उलट्या धुराचा म्हणून दिला होता. बॅकफ्लो कोनाच्या बुडाला काडी जाईल एवढं भोक असतं आणि ते आतून शेंड्याच्या दिशेनं बरंच वरपर्यंत गेलेलं असतं. सगळा खेळ त्या भोकाचा. कोनाचं भोक भांड्याच्या भोकावर बरोबर बसलं पाहिजे. जरा सरकलं तरी धूर बाजूनं निसटतो. शेंडा पेटवायचा, टोक लाल होईपर्यंत ज्योत राहू द्यायची, मग फुंकायची. पहिली एक-दोन मिनिटं धूर वरच जातो, तेव्हा घाई करून कोन हलवायचा नाही. मग भोकाच्या तोंडाशी दुधासारखी धार दिसायला लागते. एका पायरीवर थबकते, पुढच्या पायरीवर घरंगळते, तळ्यात साचते आणि काठावरून सांडते. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा समोरचा चहा गार झाला तरी उठले नाही. तुझी लेक का खुळावलीय ते मला अगदी कळतं. गोकाकचा धबधबा ५२ मीटरांवरून कोसळतो आणि कानठळ्या बसवतो. हा आवाज न करता कोसळतो, म्हणून पोरं त्याच्यापुढं आपोआप गप्प होतात.

धूर एरवी वर जातो तो गरम असतो म्हणून. कोनाच्या पोटातून खाली ओढला गेलेला धूर वाटेत गार होतो, आणि बारीक कणांनी तो गच्च भरलेला असतो. भोवतालच्या हवेपेक्षा जड झाला की पाण्यासारखा उताराकडं जातो. माघात कधी खानापूरकडं संध्याकाळी गेलीस तर बघ, चुलींचा धूर वर चढतच नाही, कापलेल्या भाताच्या वाफ्यांवर कमरेच्या उंचीला पांढरी पट्टी होऊन पडून राहतो. तिथं जमिनीलगतची हवाच गारठलेली असते, म्हणजे कारण थोडं निराळं, पण गार ते खाली हा न्याय तोच.

आणि त्या पांढऱ्या पट्टीसारखाच हा धबधबाही वारा नसला तरच टिकतो. पंखा बंद हवा, खिडकी लावलेली हवी, दार ओढलेलं हवं. कुणी शेजारून पदर हलवत गेलं तरी धार मोडते. माग चालू असला की हवा हलते, जमीन थरथरते, म्हणून तुझ्याकडं तो विस्कटतो. त्यात भांड्याचा काही दोष नाही. पण याची दुसरी बाजू बघ. ज्या संध्याकाळी तुझा गोकाक सुरेख पडतो, त्या संध्याकाळी खोलीतली हवा मुळीच हलत नसते, आणि तो सगळा धूर खोलीतच राहतो. यजमान विचारतात त्याचं उत्तर हेच आहे. उदबत्ती आपण उघड्या खिडकीत लावतो, तुळशीपाशी लावतो, पंख्याखाली लावतो, तिला वारा चालतो. या भांड्याला शोभा हवी तर घर बंद करावं लागतं. शिवाय कोन जाडजूड असतो, थोड्या वेळात बराच माल जळतो.

तळ्यात साचलेला धूर थोड्या वेळानं दिसेनासा होतो, तेव्हा वाटतं संपला. तो संपत नाही, खोलीभर पसरून विरळ होतो. त्यातले बरेच कण अडीच मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज कर. एवढे बारीक कण नाकात अडकत नाहीत, फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. हवेतल्या अशा कणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली घनमीटरला दिवसाची सरासरी १५ मायक्रोग्रॅम ही मर्यादा सांगितली. आपल्या देशाची मर्यादा ६० आहे. बंद खोलीत रोज एक कोन जाळला की आपण कुठल्या बाजूला झुकतो, हे सांगायला यंत्र लागत नाही. जळणाऱ्या धुपातून कार्बन मोनॉक्साइड येतो, बेन्झीन, फॉर्मलडिहाइडसारखी द्रव्यंही येतात. पाकिटावर चंदन लिहिलेलं असो, गुलाब असो की शुद्ध नैसर्गिक असो, जळलं की धूरच होतो. वास जितका गोड तितका धूर सौम्य, असं काही नसतं. हे उदबत्तीलाही लागू आहे, कापरालाही. म्हणून मी यजमानांना असं म्हणणार नाही की उदबत्ती निर्दोष आणि हे भांडं वाईट. सासूबाईंच्या छातीला दोन्ही नको, त्यातही हे जास्त नको.

"आमच्या आजीच्या वेळी धुपाटण्यात निखारे घालून ऊद टाकायचे, घरभर धूर फिरवायचे, कुणाला काही झालं नाही," असं घरातलं कुणी म्हणेलच. माझ्या घरीही म्हणाले होते. आजीचं घर कौलारू होतं. खानापुरी कौलांच्या फटीतून संध्याकाळी धूर बाहेर झिरपताना मी लहानपणी अंगणातून बघितलाय, अख्खं घर श्वास सोडतंय असं दिसायचं. खाली स्वयंपाकघराला धुराडं, वर माळ्याला झरोका. आता वडगावात, अनगोळात, टिळकवाडीत कुठंही बघ, वर स्लॅब आणि खिडक्यांना सरकत्या काचा. पावसाळ्यात तर चार महिने त्या काचा उघडतच नाहीत, कारण आपल्याकडचा पाऊस आडवा येतो. धुराला जायला वाटच ठेवलेली नाही. आणि खरं सांगू, आजीच्या वेळीही कुणाला काही झालं नाही हे तितकंसं खरं नाही. आजी पहाटे चुलीपुढं बसून खोकायची, आम्हाला तो खोकला म्हणजे सकाळ झाल्याची खूण वाटायची. त्याला आजार कुणी म्हटलं नाही, एवढंच.

सासूबाईंनी कांड्या भरल्या म्हणतेस. सुताची ती बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत जाते, आणि शहापूर-वडगावातल्या किती घरांत म्हाताऱ्या बायका अशाच धापतात हे तू माझ्यापेक्षा जवळून बघितलंयस. घरच्या मागांवर साड्या विणल्या गेल्या त्या त्यांच्याच कांड्यांवर. अशा छातीवर आणखी रोजचा धूर घालायचा नाही. त्या हे बोलून दाखवत नसतील, कारण नात आनंदात आहे आणि लेकीनं पाठवलेली वस्तू आहे. "उलटा धूर देवापुढं नको" असं जे त्या म्हणतात, त्यात मला हे न बोललेलंही ऐकू येतं.

देवाचं म्हणाल तर पंचोपचारात धूप आहे: गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य. धूर वर जावा की खाली, यावर माझ्या वाचनात काही आलेलं नाही, आणि धबधब्यासारखा वाहणारा धूर हा प्रकार मुळात चीनकडून आलेला शोभेचा आहे. अशुभ म्हणायचं कारण नाही. पण त्याला पूजेचा भाग करायचीही गरज नाही. सासूबाईंचं मन मोडून देवापुढं काही लावू नये, असं मला मनापासून वाटतं. देव्हाऱ्यात रोज फूल, तेलाची वात, आणि फारच चुकल्यासारखं वाटलं तर खिडकी उघडून एखादी उदबत्ती, तीही सासूबाई अंगणात किंवा कट्ट्यावर बसलेल्या असताना. ताजा मोगरा किंवा सोनचाफा वाटीभर पाण्यात ठेवला तर वासाची उणीव राहत नाही. धूप चुकला म्हणून देव रुसत असता तर दमेकऱ्यांची घरं कधीच ओस पडली असती.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसणार आहे. देवघर मागाच्या खोलीला लागून आहे. मागाखाली, कोपऱ्यात, वायरींवर सुताचा पिंजलेला कापूस साठतो, तो ठिणगीला फार लवकर धरतो. साड्यांना कृत्रिम धागा वापरत असाल तर तो वितळून पेटतो. कोन विझलाय असं वाटतं तेव्हाही पोटात लाल असतो. राखेचा मनोरा कोसळून खाली पडला आणि तिथं धागा असला तर? म्हणून त्या दोन खोल्यांत हे भांडं कधीच नको, माग बंद असले तरी नको. वर लटकणारी तोरणं, पडदा, शेजारी निरांजन आणि कापराची डबी, हेही दूर.

मग भांडं फेकायचं का? मुळीच नाही. ते सुंदर आहे आणि मायेनं आलेलं आहे. पंधरवड्यातून एखाद्या रविवारी सासूबाई कपिलेश्वराला गेल्या किंवा शेजारी जाऊन बसल्या, की पुढच्या सोप्यात लाव. एकच कोन. लेकीला बरोबर घे, पण तिची जागा ठरवून दे. तू लिहिलं नाहीस तरी मला माहीत आहे ती कशी बसत असेल: पालथी पडून, हनुवटी जमिनीला टेकवून, नाक तळ्याच्या काठाशी. पोरं तशीच बघतात. उदबत्तीचा धूर त्यांच्या डोक्यावरून जातो. हा नेमका त्यांच्या नाकाच्या उंचीला येऊन साचतो. म्हणून भांडं उंच टेबलावर आणि ती चार हात लांब खुर्चीवर. कोन जिथं बसतो तिथली माती चांगलीच तापते, हात लावू देऊ नकोस. धूर थांबला की लगेच समोरासमोरच्या खिडक्या सताड उघड, पंखा पूर्ण लाव आणि तासभर तसंच राहू दे. सासूबाई येईपर्यंत वाससुद्धा राहायला नको. आणि नंतर दिवसभरात त्या एकदा जरी जास्त खोकल्या, तर मग रविवारचंही बंद. तेव्हा भांडं शोकेसमध्ये डोंगर म्हणून छान दिसेल.

नणंदेला तूच फोन कर, यजमानांवर सोडू नकोस. "ताई, भांडं सगळ्यांना आवडलं, पोरगी त्याला गोकाक म्हणते, पण आईंना धूर सोसत नाही म्हणून आम्ही रोज लावत नाही." एवढंच, आडपडदा न ठेवता. आईचा दमा तिला तुझ्याआधीपासून माहीत आहे. पुण्यात बसून तिच्या ध्यानात आलं नसेल, इतकंच. ती रागावेल असं मला वाटत नाही, उलट पुढच्या वेळी विचारून पाठवेल.

कोन ठेवायला घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घे. आपल्याकडं मृग लागला की ते पाकिटातल्या पाकिटात सादळतात, मग धड पेटत नाहीत आणि नुसते कोंदट धुमसतात. सादळलेला कोन उन्हात वाळवून वापरायचा खटाटोप करू नकोस, टाकून दे.

भांडं धुवायचं ते पूर्ण गार झाल्यावर. धूर गार होताना त्यातलं तेल आणि डांबरासारखा चिकट भाग वाटेत सुटतो, तोच तुझ्या फळीवर आला. दर दोन-तीन वेळांनी गरम पाण्यात भांड्यांचा साबण आणि चमचाभर खाण्याचा सोडा घालून अर्धा तास बुडवून ठेव, जुन्या टूथब्रशनं पायऱ्या घास, भोकात कापूस गुंडाळलेली काडी फिरव. भोक बुजलं की धूर खाली यायचा थांबतो, आणि माणसं उगाच कोनाला नावं ठेवतात. त्यात दिवा बसवलेला असेल तर मात्र पाण्यात घालायचं नाही, ओल्या फडक्यानंच पुसायचं. नीट वाळल्यावरच पुन्हा लावायचं. सिरॅमिकला तडा गेलेला दिसला तर त्यात पुन्हा कोन पेटवू नकोस. आणि खाली नेहमी फरशीचा उरलेला एखादा तुकडा ठेव, गुळगुळीत बाजू वर. बांधकामाच्या वेळचा तुकडा घरात कुठंतरी असतोच.

फळीवरच्या डागाला आधी खोबरेल लाव, दहा मिनिटं थांब, मऊ फडक्यानं पूस, मग साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं फिरव आणि लगेच कोरडं कर. वरवरचा डाग एवढ्यानं निघतो. दवाखान्यातलं स्पिरिट लावायचं असेल तर आधी फळीच्या मागच्या बाजूला थेंबभर लावून बघ, कारण ते डागाबरोबर पॉलिशही काढतं. आणि लावताना जवळपास दिवा पेटलेला नको. लाकडात मुरला असेल तर बारीक काचकागदानं घासून पुन्हा पॉलिश करावं लागेल. माझ्या शिसवी चौरंगावर असाच डाग पडला होता, दोनदा पॉलिश केलं तरी पुसट वर्तुळ अजून दिसतं, म्हणून तू उशीर करू नकोस. त्यासाठी देव उतरवावे लागतील. ते सासूबाईंच्या हातून उतरव आणि परत बसवायलाही त्यांनाच बोलाव. घासायच्या वेळी मात्र त्यांना बाहेर कट्ट्यावर बसव. लाकडाची धूळही त्यांच्या छातीत जायला नको.